दसऱ्यापासून गुणगुणणारी पेटी

मु. चांदे, ता. मुळशी
शनिवार, दि. २२ ऑक्टोबर १९८३

तीर्थस्वरूप कुशाबामामा यांच्या पायांवर भाचा जयवंत याचे डोके. इकडे सर्व खुशाल आहेत असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. खरी खुशाल फक्त म्हैस आहे, कारण गोठ्यात लाईट नाही. मामींचा गुडघा आणि आपला खोकला कसा आहे ते कळवावे. औंधला हवा कोरडी असते असे ऐकतो, तेव्हा उतार असेलच.

पत्रास कारण की, आपण चैत्रात आमच्या घरात वायरिंग करून ओटीवर मेन स्विचची लोखंडी पेटी बसवून दिलीत (मी पक्कड घेऊन शेजारी उभा होतो, हे दादा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात), ती पेटी गेल्या रविवारी, दसऱ्याच्या संध्याकाळपासून, आवाज करते. मी वहीत नोंद ठेवली आहे. एक बल्ब लावला तर डासासारखा, दोन लावले तर भुंग्यासारखा, आणि आईने चहाला विजेची शेगडी लावली की लांबची पिठाची गिरणी ऐकू यावी तसा. पेटी हाताला कोमट लागते. जवळ गेले की करपलेल्या गुळासारखा वास येतो (कारण समजत नाही), आणि खालच्या फटीतून तांबड्या मुंग्या रांगेने आत-बाहेर करतात (तेही समजत नाही). आपल्या हातून एखादा स्क्रू सैल राहिला असेल का, असे विचारण्याचे धाडस मला होत नाही. विचारले नाही असेच समजावे.

मंगळवारी जेवताना दादा म्हणाले, "तुज्या मामानं भिंतीला पेटी बसवली का मधाचं पोळं?" मग त्यांनी गेणबाला बोलावले. (गेणबा म्हणजे आमच्या शेजारचा, सायकलींची पंक्चरे काढणारा. त्याने एकदा पुण्यात मोटर दुरुस्त होताना पाहिली आहे.) त्याने पेटीला कान लावला, डोळे मिटले आणि आईकडे लाटणे मागितले. मला वाटले त्याला भूक लागली. त्याने पेटीच्या डाव्या अंगाला एक ठोका दिला आणि आवाज बंद झाला! चहा होईपर्यंत बंद राहिला, चहा पिऊन गेणबा उठला तसा पुन्हा सुरू. तेव्हापासून ते लाटणे सुतळीने पेटीशेजारी टांगलेले असते आणि घरात शिरणारा प्रत्येक जण एक ठोका देतो. पलीकडच्या साळूबाई ताक मागायला येतात, त्याही देतात. पोळ्या करायच्या तर आईला लाटणे ओटीवरून सोडून आणावे लागते, आणि तेवढा वेळ पेटी मोकाट गुणगुणते.

बुधवारी तुळजाचुलतीने वेगळेच काढले. "दसऱ्याला पुजली आन् त्याच सांजंला बोलाया लागली. ह्येला काय म्हणायचं ते तुमीच म्हणा," असे म्हणून तिने पेटीखाली पाट मांडला. आता तिथे उदबत्ती असते. गेणबा ठोका देतो आणि चुलती लगेच पेटीची क्षमा मागते. "न्हाई ठोकलं तर थांबंल कशी?" "ठोकतुयास म्हणून तर कावली हाय ती!" हे दिवसभर चालते, आणि दोघेही शेवटी माझ्याकडे पाहतात, कारण घरात विजेतले मला कळते असे ठरलेले आहे. मामा, मी फार थकलो आहे. शेतावर गेलो तरी कानात तोच आवाज येतो. काल बांधावर एक खरा भुंगा होता, त्याला मी लाटण्याशिवाय काय करावे या विचारात बराच वेळ उभा होतो.

हे सर्व सोसले असते, पण येत्या मंगळवारी माणचे हैबतराव मला आणि घर बघायला येणार आहेत. मुलगा नववीत राहिला असला तरी विजेतले सगळे जाणतो, असे मध्यस्थाने त्यांना सांगितले आहे, आणि तेवढ्यावरच ते येत आहेत, कारण त्यांच्याकडे लाईट नवीन आहे व घरातले सगळे बटणाला भितात. (मुलीला मी एकदाच, गिरणीत, पिठाचा डबा डोक्यावर घेताना पाहिले आहे. त्याविषयी अधिक लिहिणे बरे नव्हे.) दादांनी सांगितले आहे की सोमवारपर्यंत पेटी गप्प झाली नाही तर ते लाईटच तोडून टाकतील आणि पाहुण्यांना कंदिलाखाली बसवतील. कंदिलाखाली बसवून विजेतला जाणकार कसा दाखवायचा, हे त्यांनी सांगितलेले नाही.

लिहिण्यात काही पुढे-मागे झाले असल्यास ते पेटीच्या आवाजाने झाले असे धरून पोटात घालावे. मामींना नमस्कार.

आपला दमलेला भाचा,
जयवंत

ता. क. : एक गोष्ट वर राहून गेली. दसऱ्याला आम्ही नांगर, विळे, कोयते पुजले, तेव्हा दादा म्हणाले, "जयवंता, पेटीचीबी कर." आता विळ्याची पूजा आपण पात्याला करतो, मुठीला नाही. म्हणून पेटीवर बाहेरून कुंकू लावणे मला वरवरचे वाटले. मी मेन स्विच पाडला (आपण शिकवल्याप्रमाणे), आतल्या दोन्ही फ्यूज काढल्या, ताम्हणात पंचामृताने स्नान घातले, पुसल्या, तांब्याच्या टोकांना हळदकुंकू लावले, एकेक अक्षता ठेवली आणि परत बसवल्या. पुसल्या नीट होत्या. फक्त खाचेत बोट जात नव्हते.

ता. क. २ : हे फक्त आपल्याला माहीत आहे. तरी आपण यावे, खाच कोणी बघत नसताना साफ करावी, मग सर्वांसमोर एक स्क्रू पिळल्यासारखे करावे आणि म्हणावे की, "माझ्या हातून सैल राहिला होता, जयवंतानं बरोबर ओळखलं." दादांना मी तसे गुरुवारीच सांगून बसलो आहे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवता चिकटवता आवाज थांबला. चुलती साखर वाटते आहे आणि गेणबा लाटणे सगळ्यांना दाखवतो आहे. मी गुपचूप शेगडीचे बटण दाबून पाहिले. ती तापत नाही. बल्बही लागत नाहीत. बाहेर चांगले ऊन असल्यामुळे हे अजून कोणाच्या ध्यानात आलेले नाही. म्हणून पत्र पोस्टात न टाकता औंधला दूध घालायला निघालेल्या बहिरू दूधवाल्याच्या हाती देत आहे. परतताना त्याच्या किटल्या रिकाम्या असतात, आपल्याला सायकलवर मागे बसून येता येते. दिवस मावळेपर्यंत मी विजेतले सगळे जाणतो.