भोंगा आणि डोरोथी

नळदुर्ग,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

इंदुमतीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झाल्याचं कळलं. स्वच्छ दिसत असेल, तर हे पत्र स्वतःच वाचा. नातवाला वाचायला देऊ नका. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट चहा गार व्हायच्या आत पुण्याला आमच्या रणधीरच्या फोनवर पोहोचते. फोन न करता पत्र लिहिण्याचं कारणही तेच. शिवाय चौतीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईचा बंद पाकिटावर जेवढा विश्वास असतो, तेवढा तुमच्या घराण्यातल्या कुणावरही नाही. हे मी तुमच्या भावाच्या हयातीतही सांगत होते.

विषय तुमच्या शेळीचा आहे. (हो, तुमच्याच. "हिची आई मेली गं, आठ दिवस सांभाळ," म्हणून ते ओंजळीएवढं काळं पिल्लू माझ्या हॉलमध्ये सोडून तुम्ही कळंबच्या एसटीत बसलात, त्याला सव्वा वर्ष झालं. हे आठ दिवस कुठल्या पंचांगातले, ते कळवावं.) मी तिला बाटलीनं दूध पाजलं आणि डोरोथी नाव ठेवलं. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात आम्हाला शिवण शिकवणाऱ्या सिस्टरांचं ते नाव. त्याही अशाच बघायच्या, समोरच्याचं चुकलंय हे आधीच ठरवून. दूध डोरोथी अजून देत नाही, पण "नो" म्हटलं की थांबते, जे तुमच्या भावाला चाळीस वर्षांत जमलं नाही.

आता भोंग्याकडे येते. गल्लीत दोन घरं फुटली, तेव्हा रणधीरनं पुण्यात बसून हुकूम सोडला आणि सोलापूरहून शिवशरण नावाचा मेकॅनिक येऊन हॉलच्या कोपऱ्यात एक पांढरी डबी ठोकून गेला. रात्री तिच्यासमोर काहीही ऊबदार हललं की गच्चीवरचा भोंगा वाजतो, आणि त्याच क्षणी तिकडे रणधीरचा फोन. हेतू चांगला आहे. अडचण एवढीच, की माझ्या घरात चोरण्यासारखी एकच चीज आहे आणि ती म्हणजे डोरोथी. (हसू नका. गाडी घेऊन येतात आणि शेळ्या उचलून नेतात. ढाबेवाल्या माणिकप्पाच्या मागल्या अंगणातून एका रात्रीत तीन गेल्या.) म्हणून ती रात्री हॉलमध्ये झोपते. म्हणजे झोपते अशी माझी समजूत होती. भोंग्यामुळे कळलं, की ती रात्रभर हॉलची तपासणी करते. आधी वर्तमानपत्र खाते, मग दिवाणावर चढते, दिवाणावरून टीव्हीच्या टेबलावर, आणि तिथं उभं राहून डबीच्या तोंडाकडे बघत रवंथ करते.

पहिल्या रात्री अर्धी गल्ली धावून आली. शेजारची शरिफाबी लाटणं घेऊन सगळ्यांच्या पुढं. "चोर कां है, आपा? मेरेकू दिखाव!" चोर टीव्हीच्या टेबलावर उभा होता. पाचव्या रात्री कुणीही आलं नाही, शरिफाबी अंथरुणातूनच ओरडली, "दोरतीबी, सो जा माँ!" म्हणजे आता खरा चोर आला तर त्यालाही ती असंच झोपवणार.

भोंगा बंद ठेवायची सोय नाही. अर्ध्या मिनिटात रणधीर विचारतो, "आई, सिस्टिम का बंद आहे?" त्यानं हेही विचारलं, की घरात रात्री हलतं तरी काय? वन्सं, त्याचं टुमणं तुम्हाला ठाऊक आहे: एकटी राहू नकोस, पुण्याला चल. अकराव्या मजल्यावर! आपली आई रात्री दोन वाजता दुखऱ्या गुडघ्यानं शेळीमागं पळते, हे कळलं तर तो त्याच दिवशी घराला कुलूप घालेल. म्हणून मी सांगितलं, मांजर आहे. (खोटं बोलणं पाप आहे हे सिस्टरांनी शिकवलंय. म्हणून एकच शब्द खोटा बोलले, बाकी जे विचारलं ते खरं सांगितलं.)

त्यावर त्यानं शिवशरणला नवी डबी देऊन पाठवलं. ही पाळीव जनावरांना माफ करते, पण पंचवीस किलोच्या आतल्यांनाच. डोरोथी त्या दिवशी शरिफाबीकडे पाहुणी होती. शिवशरण पोरगा भला आहे. म्हणाला, "मावशी, जनावर खालून फिरलं तर वाजत न्हाय. उंचावर चढू देऊ नका." मी दिवाण हलवला, टेबल हलवलं. डोरोथी शिलाई मशीनवर चढली. स्वयंपाकघरात कोंडली, तर शिंगानं कडी उघडून बाहेर आली, येताना नव्या डबीचं गॅरंटी कार्ड खाऊन. शेवटी तिला अडतीवर नेऊन धान्याच्या काट्यावर उभी केली. वजन पंचवीसच्या वर भरलं. आता रेवणप्पा सुताराला आतल्या खोलीला नवं दार आणि वर, माझ्या डोक्याच्या उंचीला, कडी बसवायला सांगितलंय. तिथं डबी नाही. दार बसलं की डोरोथी आत, डबी बाहेर, आणि गल्लीला झोप.

पण रेवणप्पा पुढच्या मंगळवारी येणार आणि रणधीर शिवशरणला घेऊन या शनिवारीच येतोय. दोन रात्री स्वतः हॉलमध्ये झोपून बघणार आहे. भोंगा वाजला तर सोमवारी मला घेऊनच जाईन म्हणतो. असो. आपल्या माणसापाशी मन मोकळं केलं, एवढंच. मला तुमच्याकडून काहीही नको.

तुमची,
इंदुमती

ता. क. शुक्रवारी सकाळी शरिफाबीच्या साजिदचा टेम्पो कळंबच्या बाजाराला येतोय. त्यात डोरोथी असेल. आठ दिवस सांभाळा (माझ्या पंचांगातले, म्हणजे आठच). शरिफाबीकडे ठेवता येत नाही, भिंतीपलीकडून माझा आवाज ऐकला की डोरोथी ओ देते. माणिकप्पा म्हणाला, "पोष्टबाई, माझ्याकडं सोडा की." त्याच्या ढाब्याची पाटी मी वाचलेली आहे.

ता. क. दुसरा. त्याच टेम्पोनं परत येताना तुमचं मांजर पाठवा. रणधीरला दाखवायला काहीतरी लागेल. टोपलीत, वरून फडकं बांधून. परत करीन.

ता. क. तिसरा. मांजर काळंच हवं, रंग मी सांगून बसलेय. शिवशरणनं परवा फोनवर वजनही विचारलं. चौतीस वर्षं पार्सलं तोलली, वजनात खोटं बोलायला माझी जीभ वळत नाही. सत्तावीस किलो चारशे ग्रॅम सांगितलं. पत्र बुधवारी मिळेल, हातात दोन दिवस आहेत. त्याला पोटभर खाऊ घाला.