फळ्यावरचा ठ

२ नोव्हेंबर, रविवार
शेजारच्या बिअरवाल्यांच्या अंगणात (पॅटिओ म्हणे! चाफ्याखाली वेताच्या खुर्च्या टाकल्या की झाला पॅटिओ) आज नवा फळा. कन्नडात लिहिलंय, ‘ऊठ ऊट’. काल कन्नड राज्योत्सवाला लाल-पिवळा झेंडा लावला आणि आज जेवणाला साधं ‘ऊट’ लिहिता येत नाही! एकदा ठ, एकदा ट. जन्मभर मुलांना कन्नड शिकवलं मी, हे खपवून घेणार नाही. अंगण बंद करण्याच्या अर्जावर बऱ्याच सह्या झाल्यात. १० ता. सोमवार, मनपात देणार.

३ नोव्हें.
जाऊन चूक दाखवली. मॅनेजर बाई तरुण, फार गोड. “बन्नि टीचर, कूतकोळ्ळि,” म्हणत खुर्ची पुढे केली, लिंबू सरबत आणलं. इतकं गोड उगाच कोण वागतं? अर्जाचं कळलेलं दिसतंय. चुकीबद्दल म्हणाली, “शेफ हागे बरीबेकु अंदिद्दारे.” शेफने तसंच लिहायला सांगितलंय म्हणे. शेफ कोण? नवीन आहेत. नाव? हसली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली. नाव लपवण्यासारखं काय आहे?
सरबत प्यायले नाही. अर्धंच प्यायले.

४ नोव्हें.
दुपारी डोळा लागला होता, धडपडून उठले. पहिला शब्द कन्नड नाहीच! मराठी आहे. ऊठ, ऊट.
हे आमच्या घरातलं. बाबा जेवणाआधी आडवे व्हायचे. पान वाढलं की माझा धाकटा भाऊ सदू त्यांच्या कानात ओरडायचा, “ऊठ, ऊट!” मराठीत ऊठ, कन्नडात जेवण. बाहेरच्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. बाबा गेले, आई गेली. उरलो मी आणि सदू.
आणि या घराची पायरी चढू नकोस असं मी सदूला सांगितलं, त्याला सात वर्षं झाली.

५ नोव्हें.
आधी गौरम्मावर संशय. इतकी वर्षं घरकामाला आहे, मीच कधी बोलले असेन. “नानु याके हेळ्ली अक्का? ननगे ओदोके बरल्ल!” मी कशाला सांगू, मला वाचताही येत नाही. दिवसभर भांडी आपटली.
मग मंडी मोहल्ल्यात चुलतबहिणीला, मालूला, फोन. “अगो, सदू गोव्यात आहे की, हॉटेलात. इकडे आला तर मला कळणार नाही का गे? सुम्ने उगाच कायतरी डोक्यात घेऊ नको.” फार पटकन म्हणाली. हिला माहीत आहे.

६ नोव्हें.
चष्मा लावून फळा जवळून पाहिला. अक्षरं उजवीकडे फरफटलीत. डावखुऱ्याचा हात स्वतःच्याच लिहिलेल्यावरून जातो, तशी. सदू डावखुरा. आई आजारी, त्यामुळे त्याला अक्षरं मीच शिकवली. डावा हात पाठीशी बांधून ठेवायचे. पट्टीसुद्धा मारलीय.
सात वर्षांपूर्वी तो हॉटेलच्या नोकरीला निघाला तेव्हा मीच म्हणाले, “बारमध्ये ताटं वाढणारा माझा भाऊ नाही.” चुकलं माझं. इथे लिहिते, त्याला कधी लिहिलं नाही.
पण मग हा भिंतीपलीकडे कशाला आला? अर्ज हाणून पाडायला? मला खिजवायला?

८ नोव्हें.
फळ्यावर नुसतं ‘ऊट’. माझ्या तक्रारीवरून दुरुस्त केलं म्हणे! “ईग सरी इदेया टीचर?” आता बरोबर ना, म्हणून मॅनेजर बाई खूश. मी खडू मागून घेतला आणि आधीच्या जागेत ‘ऊठ’ लिहिलं, ठसठशीत. स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराआड कुणीतरी उभं होतं. मान वर केली तर कुणी नाही.

९ नोव्हें., रविवार
फळा पुसून पुन्हा लिहिलाय. ऊठ ऊट. एकही अक्षर फरफटलेलं नाही. पण सगळी वाकडी, थरथरती, ठ एका बाजूला फुगलेला. पहिलीतल्या मुलाची असतात तशी.
उजव्या हाताने लिहिलंय त्याने.
माफ करतोय की तोंडात मारतोय? सदूचं सांगता येत नाही.
अर्ज टेबलावर आहे. उद्या सोमवार. जाताना गौरम्माने विचारलं, “नाळे ऊटक्के एनु माडली अक्का?” उद्या जेवायला काय करू. म्हटलं, एक पान की दोन, ते उद्या सांगते.