शेळेखोल फेरीवरील खलाशास वायरलेसवरून एक निरोप देण्याबाबत

प्रति,
मा. फेरी पर्यवेक्षक,
शेळेखोल धक्का कार्यालय,
ता. पेडणे, गोवा.

विषय: वायंगण बेटावर एकट्या असलेल्या वृद्ध महिलेची खुशाली पाहण्याबाबत.

संदर्भ: काल व आज आपल्या खिडकीवर केलेली तोंडी विनंती (खिडकी लावून घेतल्यामुळे नोंद झाली नसावी).

महोदय,

१. अर्जदार सौ. गौरवी लग्न होऊन बेटावर आली, तेव्हा सासूबाई श्रीमती पद्मावती यांनी तिला बजावले होते, "बाय, न्हंयेक भियेनाका. फेरीच्या हापिसाक भिये." नदीपेक्षा कार्यालयाचे भय मोठे, हे ऐकून अर्जदार तेव्हा हसली. पदवी हातात होती. कागद नीट लिहिला की काम होते, असा तिचा समज होता.

२. सोमवारी उत्तरेचा गार वारा सुटला. अर्जदार अडीच वर्षांच्या निहारला ताप आल्यामुळे तुये येथे डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. परतताना रस्ताभर माडाच्या झावळ्या पडलेल्या, विजेच्या तारा लोंबत असलेल्या. मुलासकट दुचाकी दोनदा आडवी होता होता वाचली. धक्क्यावर येऊन पाहते तर बोट पलीकडे, बेटाच्या धक्क्याला बांधलेली. फेरी बंद असल्याची सूचना का नाही, असे विचारता आपल्या लिपिकांनी सांगितले की सूचना रीतसर लावलेली आहे, बोटीवर. ती वाचण्यास प्रवाशाने पोहत जावे की दुर्बीण आणावी, याचा खुलासाही बहुधा तिथेच लिहिलेला असावा.

३. फेरी बंद ठेवण्याचे आपले परिपत्रक जून ते सप्टेंबरपुरतेच आहे. जानेवारीत वादळ होत नाही, सबब फेरी बंद नसून गेले तीन दिवस 'उशिरा' आहे, आणि उशिराच्या फेरीस पर्यायी व्यवस्था देय नाही, असे आपण स्वतः समजावून सांगितलेत. त्या वेळी टेबलावरचे कागद वाऱ्याने उडत होते व आपण ते दोन्ही हातांनी दाबून बसला होतात. त्यातला एक अर्जदाराने उचलूनही दिला.

४. अर्जदार फेरी सोडा म्हणत नाही. असल्या वाऱ्यात बोट सोडू नये, एवढे तिला कळते. काल संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "पत्रे उडूंक लागले गो, फातर दवरून येतंय," एवढे बोलून त्यांनी तो ठेवला. त्यांचे वय एकाहत्तर. पत्र्यावर दगड ठेवायचा तर शिडी चढावी लागते. त्यानंतर फोन लागत नाही. बेटावर वीज नाही. अर्जदाराचे पती जहाजावर नोकरीला. शेजारचे शिवदास घरच्यांसह नार्व्याला लग्नाला गेले, तेही याच काठावर अडकलेले.

५. बोटीवर आपला खलाशी साईश आहे आणि आपल्या टेबलावर वायरलेस आहे. त्यावरून काल बांगड्यांचे हुमण करावे की ते तळावेत, यावर त्याच्याशी सविस्तर विचारविनिमय झाला. तो अर्जदाराने बाहेर उभी राहून ऐकला. मात्र "म्हातारीला पाहून ये" एवढे सांगा म्हणताच तोच वायरलेस 'केवळ शासकीय कामासाठी' झाला. वर आपले लिपिक म्हणाले, "म्हातारी खंय वतली गे? चारय वाटांनी पाणी!" म्हातारी जाणार कुठे, यावर कार्यालयात हशा पिकला. अर्जदाराच्या कडेवरचा निहारही हसला, कारण त्याला अजून काही कळत नाही. इतरांचे कारण अर्जदारास ठाऊक नाही.

६. हा अर्ज शासकीय आहे, त्यामुळे निरोपही आता शासकीय झाला. शिक्का सावकाश मारावा; आधी वायरलेस उचलावा. साईशला सांगावे, बेटाच्या धक्क्यावरून वर दिसते ते निळ्या पत्र्याचे घर. पुढचे दार ठोठावत बसू नये, सासूबाईंना कमी ऐकू येते. मागे न्हाणीकडे जावे. शिडी उभी आहे की पडली आहे, ते आधी पाहावे. आणि जे दिसेल ते, जसे असेल तसे, अर्जदारास सांगावे. ती खिडकीबाहेरच उभी आहे.

सध्यापुरती नम्र,
सौ. गौरवी रुद्रेश हरमलकर
शेळेखोल धक्का, दि. २२ जानेवारी २०२५