डाव्या चाकाचा बंदोबस्त

सोमवार, ७ फेब्रुवारी
संकल्प: आजपासून कशावरही हात उचलायचा नाही. डॉक्टरांनी रक्तदाब बघून बजावलंय. तसा मी मुळात शांतच माणूस.
शुक्रवारी लेकीचं रजिस्टर लग्न. कचेरीत ती माझ्या बाबांच्या जुन्या गाडीतून जाणार, चालवणार मी. ती तिसरीत असताना शब्द दिलाय. आजोबांच्या मांडीवर बसून याच गाडीचा हॉर्न वाजवायची.
गाडी टकाटक आहे. फक्त पुढचं डावं चाक लटपटतं. पंक्चरवाल्याने बसवलं, तेव्हा ठीक होतं. पण त्याच्यावर भरवसा नाही म्हणून घरी येऊन मी वरून आणखी आवळलं, तेव्हापासून हे सुरू. पंक्चरवाला लबाड. उद्या अर्ध्या तासात काम फत्ते.

मंगळवार, ८ फेब्रुवारी. सकाळी ७
चाकाची टोपी निघेना. हातोडीने काढली. हातोडी म्हणजे हात नव्हे, संकल्प शाबूत. टोपी चेमटली, पण उलटी ठेवून तिच्यात ग्रीस ओतलं. झकास वाडगं.
नट पाच. पहिला हलेचना. पान्यावर चढून उडी मारली. कडाड! अर्धा फेरा बसला. पाना निसटून नडगीवर. तोच पाना भिंतीवर पाच वेळा आपटला. भिंतीचे पोपडे शेजाऱ्यांच्या बाजूला पडले. ते काहीतरी बोलले, मी जास्त बोललो.

संध्याकाळी ६
चक्कर मारली. चाक जास्तच लटपटतंय. म्हणजे आवळणं कमी पडलं. नडगी सुजली.

बुधवार, ९ फेब्रुवारी
हिच्या हट्टापायी मिस्त्री बोलावला. उकिडवा बसला, चाकाकडे बघितलं आणि हसला. म्हणाला, साहेब, या जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकाला... पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. बाबांच्या गाडीला हसतो? कॉलर धरली. त्याने माझी धरली. बादली उलटली, दोघेही साबणाच्या पाण्यात आडवे. त्याने एक ठेवून दिली. ओठ फुटला. हात त्याने उचलला, मी नाही. जाताना म्हणाला, तुमची गाडी तुम्हाला लखलाभ.
मग पाचही नट पुन्हा आवळले. आज बऱ्यापैकी सहज फिरले. हात बसला माझा.
तेवढ्यात मेव्हणा आला, नव्या गाडीतून. म्हणे, भाऊजी, माझी गाडी तयार ठेवतो, असू दे हाताशी. पाना हातातून सुटला. फेकला नाही, सुटला. त्याच्या गाडीचा आरसा गेला. मेव्हणा काचा वेचून गेला, आणि रात्री हिने माझं ताटच वाढलं नाही.

गुरुवार, १० फेब्रुवारी. दुपारी ४
लेक येऊन पायरीवर बसली. माझ्या ओठाला मलम लावलं. म्हणाली, बाबा, गाडी नसली तरी चालेल, तुम्ही धड हवेत. मला गाडीची भीती वाटत नाही, तुमची वाटते. उद्या बसेन, पण शिवी नाही आणि हाणामारी नाही.
डोळ्यांत पाणी आलं. ग्रीस गेलं असणार. कबूल केलं.
ती गेल्यावर शेवटचा हात फिरवला. नट आता लोण्यात चमचा फिरावा तसे फिरतात. उजव्या चाकांना मी बोटही लावलेलं नाही, आणि ती एकदम घट्ट. नशीब एकेका चाकाचं!

शुक्रवार, ११ फेब्रुवारी. रात्री ९
निघालो. लेक शेजारी. पुढे मेव्हण्याच्या गाडीत बाकीची मंडळी. दुसऱ्या वळणावर डावीकडून एक चाक आमच्या पुढे गेलं. म्हटलं, बघ, लोक गाड्यांची कशी आबाळ करतात. लेक म्हणाली, बाबा, ते आपलंच आहे.
मग गाडी बसली. ठिणग्या, किंकाळी (माझी), खांब. कोणाला खरचटलंही नाही. चाक सरळ जाऊन मेव्हण्याच्या गाडीच्या पाठीत घुसलं.
मी जॅकचा दांडा घेऊन उतरलो. बाबांच्या गाडीच्या बॉनेटवर घाव घातले. सात की आठ. दिवा फोडला. शिव्या किती ते आठवत नाही.
लेक अडवायला आली नाही. रस्त्याकडेला बसून, सीटखालून घरंगळलेली चाकाची ती टोपी माझ्या रुमालाने पुसत होती. हाताला काहीतरी चाळा. ग्रीस निघालं, आणि ती थांबली. टोपी माझ्या हातात दिली. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात बाबांचं अक्षर:
‘डावी बाजू. आटे उलटे. आवळताना डावीकडे फिरवणे.’
खाली, बारीक: ‘चिरंजीवांच्या हाती पाना देऊ नये.’
म्हणजे इतके दिवस मी जीव तोडून चाक सोडवत होतो. मिस्त्री तेच सांगत होता.
लेक मेव्हण्याच्या चेपलेल्या, एक आरशाच्या गाडीतून गेली. मी मागच्या सीटवर, तिच्या शेजारी. साक्षीदार म्हणून सही करताना पेनही पान्यासारखं आवळलं. तिने मनगट धरलं तेव्हा जमली.
निघताना हिने विचारलं, सासरी काय देऊ. लेक म्हणाली, काही नको.
फक्त पाना घेऊन गेली.