म्त्सखेताची मेणबत्ती

त्बिलिसी, ३ नोव्हेंबर २०२४

ती. पुष्पाआत्या,
सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला लिहायचा आळस, म्हणून इतके दिवस पत्र नाही. माझ्या वर्गातल्या फरहानाचे अब्बा नजीरभाई लेकीला भेटून उद्या जालन्याला परतताहेत, त्यांच्या हाती हे देते. अक्षराला हसू नका, चौथ्या वर्षातच ते डॉक्टरचं झालंय.

आज म्त्सखेताला जाऊन आले. इथलं सगळ्यांत जुनं ख्रिस्ती तीर्थ. सांगतात की, या गावचा एक यहुदी यरुशलेमेहून येशूचा अंगरखा घेऊन आला. त्याच्या बहिणीनं, सिदोनियानं, तो छातीशी धरला आणि तिथंच प्राण सोडला. मुठीतून अंगरखा सुटेना, म्हणून तिला तशीच पुरली. त्या थडग्यावर आजचं चर्च उभं आहे.

तिथं मी बाबांसाठी मेणबत्ती लावली. आपल्या चर्चच्या मंडळीत ही रीत नाही, मला काय ठाऊक! क्रुसाजवळ एक चौकोनी ताट दिसलं, त्यात खोचली. रुमाल बांधलेली एक म्हातारी लगबगीनं आली आणि ती उपटून माझ्या हातात दिली. शेजारच्या मुलीनं सांगितलं की, ते ताट मेलेल्यांचं. जित्यांसाठी वर, चित्रांपुढे लावायची. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांना बोलता येत नाही, कबूल. पण आठवडाभर त्यांच्या मेसेजमध्ये मी नुसती 'साधना' आहे. त्यांची डॉक्टरीणबाई कुठं गेली? भारतदादा म्हणतो, सगळं बराबर आहे. तुम्ही खोटं लिहिणार नाही, म्हणून तुम्हाला विचारते.

लोभ आहेच, खरं तेवढं कळवावं.

तुमची,
साधना


जुना जालना, २२ नोव्हेंबर २०२४

चि. साधनास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी परीक्षा काल संपली, म्हणून आज लिहिते. तुझं पत्र सोळा दिवस माझ्या उशाशी होतं. तुला तडफडत ठेवलं, हा दोष माझा.

तुझे बाबा, आपला कल्याण, सव्वीस ऑक्टोबरला गेला, बाळा. परीक्षा होईस्तोवर तुला कळवायचं नाही, असं त्यानं पाटीवर लिहून आम्हा दोघांकडून कबूल करून घेतलं होतं. नंतरचे मेसेज भारत लिहीत होता. 'डॉक्टरीणबाई' लिहायला त्याचा हात धजेना. फोनवर सांगायलाही त्याला जमेना, म्हणून हे कुरियरनं पाठवते.

दफनाला सगळी मंडळी आली होती. माझ्या भावाचा निळा स्वेटर पेटीत ठेवायला मागत होते, मी सोडला नाही. बायका म्हणाल्या, म्हातारी खुळावली. तुझी सिदोनिया वाचली आणि जरा बरं वाटलं.

तू चुकली नव्हतीस. ताट बराबर होतं. त्या रुमालवाल्या बिचारीला ठाऊक नव्हतं, एवढंच.

जेवण टाकू नको. रागाव, पण आत्याला तोडू नको.

तुझी,
पुष्पाआत्या


त्बिलिसी, १ डिसेंबर २०२४

ती. आत्या,
सप्रेम सलाम.

तुमच्यावर आणि दादावर फार रागावले आहे. दादाला तसं सांगा.

आज पुन्हा म्त्सखेताला गेले. तीच म्हातारी होती. मी चौकोनी ताटाकडे वळले तसा तिनं हात धरला. मी त्याच ताटाकडे बोट दाखवून होकारार्थी मान हलवली. तिनं हात सोडला आणि मेणबत्ती पेटेपर्यंत माझ्याजवळ उभी राहिली.

दुसरी वर लावली. ती तुमची.

थंडी पडली असेल. स्वेटर नुसता धरून बसू नका, अंगात घाला.

तुमची,
डॉक्टरीणबाई