फोडणीत मेथी नव्हती

लातूर,
१२ मे २०२५

तीर्थस्वरूप दानम्मा मावशी,

शरणु. तब्येत आता कशी आहे? तुम्ही पेज घेताय आणि ती पोटात राहते आहे, असं अमरेश दाजींनी फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं. हे पत्र तुम्हाला दाजीच वाचून दाखवतील. दाजी, एक विनंती आहे. मधलं काही गाळू नका, आणि वाचताना तुमच्या बहिणीला, उमाबाईंना, जवळ बसवा.

इकडे सगळं ठीक आहे. तुमची सून, म्हणजे आमची उज्वलाताई, बरी आहे. जेवण कमी झालंय, पण आजारी नाही. डाळ मिलवर माझी सकाळची पाळी चालू आहे. ऊन फार आहे. मिलमधल्या रिकाम्या गोण्यांत माती भरून मी गच्चीवर भाज्या लावल्यात, हे तुम्हाला माहीतच आहे. वांग्यावर मावा पडला. आधी राख टाकली, मग कडुलिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी मारलं. टोमॅटोची फुलं उन्हानं गळाली. परवा अवकाळी वारं सुटलं आणि सावलीची हिरवी जाळी उडून शेजारच्या गच्चीवर पडली. दुधी भोपळ्याचा वेल मात्र टिकला. कोवळ्या फळाला फळमाशी डंख मारते, म्हणून मी जुन्या ओढणीच्या पिशव्या शिवून एकेका फळाला बांधल्या होत्या. तुमच्याकडे आणलेला दुधी तसाच बांधून वाढवलेला होता. त्याच्यावर एकही डाग नव्हता.

माशी आणि ऊन लिहीत बसलोय, कारण पुढचं लिहायला हात उचलत नाही.

तो दुधी कडू होता.

उन्हाळ्यात आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. वेलाला मी अंघोळीचं पाणी घालायचो, ते पुरायचं नाही. नर्सरीवाले शेषेराव सांगतात, वेल असा पाण्यावाचून तापला की फळात कडूपणा उतरतो, आणि तसला दुधी म्हणजे विष. पण मला हे आत्ता कळलं, असं म्हणून मी सुटू शकत नाही. त्याच वेलाचा पहिला दुधी मी खोलीवर करून बघितला होता. पहिलाच घास थुंकला आणि सगळी भाजी फेकून दिली.

तरी दुसरा तुमच्याकडे आणला. वाटलं, एक कडू निघाला म्हणून दुसरा निघेलच असं नाही. ताईचं माहेर म्हणजे आता मी एकटाच. उमाबाई एकदा तिला हसत म्हणाल्या होत्या, "तुझ्या भावाच्या पिशवीला भोक हाय का गं? येताना समदं वाटंतच गळून जातंय." त्या चेष्टेनं बोलल्या, पण मला ते लागलं होतं. टोक कापून चाखलेला दुधी पाहुण्यानं कसा आणायचा, म्हणून मी चाखला नाही. तुमच्याकडे ताई विळी घेऊन बसली, तेव्हा नेहमीसारखी टोकाची चकती चाखणार होती. मी म्हणालो, "राहू दे ताई, ह्याच वेलाचा आधी खाल्लाय मी. साखरंवानी हाय." तिनं चकती तशीच खाली ठेवली.

मग तुम्ही आणि मी जेवायला बसलो. दाजी दुकानात होते, ताई भाकरी करत होती. पहिल्याच घासाला मला कळलं. मी भाजी भाकरीखाली सरकवली आणि शेंगाच्या चटणीवर जेवलो. तुम्ही विचारलंत, "सिद्धू, जरा कडू लागायलंय का रे?"

मी म्हणालो, "फोडणीत मेथी जास्त पडली आसंल, मावशी."

तुम्ही म्हणालात, "आसंल. पोरानं गच्चीवर पिकवलंय, टाकून कसं द्यावं?" आणि पुन्हा वाढून घेतलंत. मी बघत होतो.

ताई जेवायला बसायच्या आतच तुम्हाला उलट्या सुरू झाल्या. उलटीतून रक्त गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, तेव्हा तुम्ही माझंच वाक्य सांगितलंत, की फोडणीत मेथी का काहीतरी जास्त पडलं होतं. त्यावरून सुनेनं सासूला काहीतरी चारलं, असं उमाबाई गल्लीत बोलल्या. दाजी ताईला माझ्या खोलीवर सोडून गेले. "आई बरी होऊ द्या, मग बघू," म्हणाले. मी दारातच उभा होतो. चहा घेता का, एवढंच विचारलं.

काल ताईनं वेलावरचा नवा दुधी तोडला आणि विळीवर त्याचं टोक कापलं. मी तो तिच्या हातातून ओढला. मग खाली पडलेली चकती उचलून तिनं जिभेला लावली आणि उठून मोरीत थुंकून आली. मला सगळं सांगावंच लागलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "मेथी मी टाकलीच नव्हती रे. पण समदे म्हणायलेत म्हणून मलाच वाटायलं, टाकली आसंल. निघायच्या आधी तिथला मेथीचा डबा सुदिक उकिरड्यावर ओतून आले मी." मग म्हणाली, "मला सांगून काय करू? त्यांना सांग."

मावशी, फोडणीत मोहरी, जिरं आणि लसूण होता. मेथी नव्हती. ताईचं काहीही चुकलेलं नाही. पुढच्या तपासणीला जाल, तेव्हा डॉक्टरांनाही कडू दुधीचं सांगा. मी हे त्याच दिवशी बोललो असतो, तर त्यांना इलाज लवकर सापडला असता.

पुढच्या गुरुवारी मला सुट्टी आहे. ताईला घेऊन मी उदगीरला येतो. उमाबाईंना जे विचारायचं ते त्यांनी मला विचारावं, गल्लीतल्या लोकांसमोर विचारावं. मला घरात घेऊ नका, मी रस्त्यावर उभा राहीन. तिला आत घ्या. तुम्ही तिच्या हातचं पुन्हा कधी खाल का, एवढंच ती रोज विचारते. हे पत्रात लिहू नको, असं ती म्हणाली होती.

शेवटी 'आपला' लिहायची रीत आहे. ते मला लिहवत नाही.

सिद्धेश्वर