विनूचा हिरवा

२९ सप्टें. २००८
लॅबला गेले. सातपूरची बस, तोच थांबा, उतरायला तो नाही. उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून विनूचा डबा काढला. नळ्यांवर त्याचं गिचमिड अक्षर. जुलैत त्याने बनवलेला लेंटिव्हायरस. रोगबिग काही करत नाही, नुसता हमाल. जेलीफिशचा हिरवा जीन पेशीत नेऊन टाकतो, मग पेशी निळ्या उजेडात हिरवी चमकते. म्हणाला होता, 'दिवाळीला तुला लायटिंग दाखवतो.' ऑगस्टात पिंपळगावजवळ हायवेला मोटारसायकल...
डबा परत आत ठेवला. पेशी वाढल्या की लावीन. मीच लावीन.

५ ऑक्टो.
सायखेड्याला, विनूच्या आईकडे. मार्गशीर्षात आमचं लग्न होतं, मग त्यांना आई म्हणाले असते. अजून काकूच म्हणते. त्यांनी न विचारता दुसरी भाकरी वाढली. "त्याचं काई ऱ्हायलंय का गं तिथं?" म्हटलं, आहे. दाखवते.

१० ऑक्टो.
फ्रीझर बंद. दारावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूची माळ, आत सगळं पाणी. आमचे शिपाई रावसाहेबमामा आधी कारखान्यात होते. खंडेनवमीला संध्याकाळी यंत्रं बंद करून पुजली त्यांनी; पेशींची उबेची पेटी तेवढी कुलपात होती, म्हणून वाचली. काल दसऱ्याची सुट्टी, कोणी फिरकलंच नाही. "यंत्राला त्या दिशी इसावा द्यायचा आस्तो, ताई. आमी लेथबी बंद ठेवायचो." नको नको ते बोलले त्यांना. ते माळेकडे बघत उभे.
लॅबचे सर म्हणाले, वितळला की व्हायरस मेला, नवा बनवता येईल. येईल की. विनूच्या हातचा नाही येणार. घरी येऊन न जेवता पडले. एकाच माणसाला किती वेळा घालवायचं.

११ ऑक्टो.
पेशी तयार होत्या. वितळलेल्या सगळ्या नळ्या एकाच थाळीत ओतल्या. सर: "मेलेल्या व्हायरसवर पेशी कशाला वाया घालवतेस?" थाळी उबेच्या पेटीत ठेवली. मामांनी चहा दाराबाहेरच ठेवला. मी घेतला नाही.

१४ ऑक्टो.
काळं. निळ्या उजेडात सगळी थाळी काळी. सूक्ष्मदर्शकावर डोकं टेकून रडले. मग कडेला एक. एकच हिरवी.
मरणारी पेशीही कधीकधी अशी चमकते, म्हणून विश्वास नाही. जिवंत असली तर एकीच्या दोन होतील, आणि दोन्ही हिरव्या.
मामा दारात. "दिसला का, ताई, विनूभाऊ?" उठून त्यांना जागा दिली. टोपी काढून वाकले. बराच वेळ वाकलेलेच. "हाय," म्हणाले, "हाय की." त्यांचा चहा घेतला आज, गार झालेला.
थाळी परत उबेला ठेवली. उद्या दोन असतील, किंवा एकही नसेल. काकूंना फोन करायचाय. नंबर फिरवला, वाजायच्या आत ठेवून दिला.